तिसरी आणि सहावी तार

मल्लेश बिराजदारला सोलापुरात वायरिंगची कामं करून सत्तावीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत आपल्या हातून वायर चुकली असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. सुरुवात त्यानं गच्च्यांवर केबलच्या छत्र्या बसवण्यापासून केली. तेव्हाची वायर जाड, काळी; पोटात एकच तांब्याची तार. ती इकडून तिकडं नेऊन जोडली की घरात चित्र यायचं. पुढं इंटरनेट आलं, कॅमेरे आले आणि वायरीच्या पोटात एकाच्या जागी आठ बारक्या रंगीत तारा आल्या. त्या कशा लावायच्या हे मल्लेशनं कुणाला विचारलं नाही. आठ तारांच्या चार जोड्या. प्रत्येक जोडीत एक भरल्या रंगाची आणि दुसरी त्याच रंगाचा पट्टा असलेली पांढरी. नारंगी, हिरवी, निळी, तपकिरी. जोडीशेजारी जोडी लावत जायची, त्यात विचारायचं काय? दोन्ही टोकांच्या प्लगांत क्रम तोच ठेवायचा. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीनं लागले की काम फत्ते. अशी शेकडो टोकं त्यानं भरली होती.

फेब्रुवारीत त्याला पुण्याहून शरणबसवचा फोन आला. विजापूर रोडच्या मागच्या कॉलनीतल्या ईरप्पांचा हा मुलगा. घरात खालच्या खोलीतून वरच्या मजल्यावर आणि वरून खाली, दोन्हीकडं चित्र न्यायचं होतं. वायरीतून चित्र पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या डब्या, कॅमेरे, टीव्ही सगळं तो पाठवणार होता. मल्लेशनं फक्त वायर ओढून टोकं भरायची.

ईरप्पांना मल्लेश चांगला ओळखत होता. मार्केट यार्डात चाळीस वर्षं त्यांनी कांद्याचे सौदे पुकारले होते. ट्रकांचे हॉर्न, हमालांचा गलका, सगळ्यावर चढणारा तो आवाज. ईरप्पांनी पुकारलेला भाव गेटाबाहेरच्या चहावाल्यालाही पाठ व्हायचा. गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. आता गळ्याला पुढून भोक होतं, त्यात नळी होती, आणि श्वास तिथूनच चालायचा. तोंडातून शब्द येणं कायमचं बंद झालं होतं.

घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची मुलगी काव्या. वय एकतीस. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वरच्या मजल्यावर गच्चीलगत उजेडाची खोली होती, तिथं ती ब्लाउजवर आरी वर्कचं भरतकाम करायची. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, बाजूला रिळांच्या रांगा, आणि लग्नसराईत तर तिला मान वर करायला सवड नसायची. ईरप्पांना जिने चढवत नव्हते आणि काव्याचं काम खालच्या अंधारात होत नव्हतं.

म्हणून मल्लेशनंच मागं त्यांना एक बटण बसवून दिलं होतं. खाटेजवळचं बटण दाबलं की वर लाल दिवा लागायचा. पण दिव्यावरून एवढंच कळायचं की बोलावलंय. पाणी हवंय, दारात कुणी आलंय, की श्वास अडकलाय, हे बघायला काव्याला दर वेळी तेवीस पायऱ्या उतराव्या लागायच्या. मोबाइलवर बघावं तर वायफाय स्लॅबखालून वर नीट पोचायचं नाही; शिवाय मोबाइल एका हातात धरला की बोलायला एकच हात उरायचा, आणि काव्या बोलायची ती दोन्ही हातांनी.

ही हातांची भाषा ती शाळेत शिकली होती. तिची आई चंद्रव्वा मग ती तिच्याकडून शिकली. ईरप्पा मात्र शिकले नाहीत. उलट मुलगी रस्त्यात हातवारे करू लागली की ते तिचे हात धरून खाली दाबायचे. लोक बघतात म्हणायचे. तिनं तोंडानंच बोलावं असा त्यांचा हट्ट होता, आणि तिच्या तोंडून जे चार-दोन शब्द यायचे त्यांवर बापलेकीचा व्यवहार चालला होता. चंद्रव्वा चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर घरात बोलणं उरलं ते चिठ्ठ्यांचं. ऑपरेशन झाल्यावर मात्र ईरप्पांनी पाटीवर एक शब्द लिहून काव्यापुढं धरला होता : ‘शिकव.’

हे सगळं शरणबसवनं फोनवर सांगितलं, तेव्हा मल्लेश म्हणाला होता, “काळजीच करू नका. दोन दिवसांचं काम हाय.”

दोन दिवसांत त्यानं जिन्याच्या कडेनं पाइप मारला, दोन वायरी ओढल्या, टोकं भरली. टेस्टर लावला. एक ते आठ, दिवे ओळीनं लागले. खाली ईरप्पांच्या खुर्चीसमोर टीव्ही आणि त्यावर कॅमेरा, वर काव्याच्या चौकटीसमोर तसंच. टीव्हीचं बटण दाबलं आणि वरच्या टीव्हीवर ईरप्पा दिसले : पांढरा सदरा, कपाळाला विभूती, गळ्याशी मफलर. काव्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले. मल्लेशला बरं वाटलं.

मग चित्रावर पांढरे ठिपके आले. चित्र थरथरलं, गेलं, टीव्ही काळा झाला. तीन-चार सेकंदांनी परत आलं.

“पहिल्यांदा असं व्हतंय,” मल्लेश म्हणाला. काव्या त्याच्या ओठांकडं बघत होती. त्यानं हातानं खूण केली, जरा थांबा.

पण ते थांबेना. मिनिटात दोनदा, कधी तीनदा. मल्लेशनं टोकं कापून पुन्हा भरली, त्याच क्रमानं. दिवे ओळीनं लागले. चित्र तसंच जात-येत राहिलं. त्यानं शरणबसवला फोन लावला आणि डबी खराब आहे म्हणून सांगितलं. आठ दिवसांनी दुसऱ्या डब्या आल्या. त्याही तशाच. मग त्यानं टीव्हीला दोष दिला, मग घरातल्या लाइटला. शेवटी म्हणाला, “येतंय की चित्र. मधनंमधनं जातंय, पण येतंय. एवढं चालायचंच.”

काव्यानं वही ओढली आणि लिहिलं : ‘मल्लेशअण्णा, तुम्ही बोलताना मी दर तिसरा शब्द काढून घेतला तर तुमचं बोलणं कुणाला कळेल?’

मल्लेशनं ते वाचलं. त्यानं पक्कड पिशवीत टाकली आणि उद्या बघतो म्हणाला. तो उद्या पाच दिवसांनी उगवला.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तो वर काव्याच्या खोलीत डबीच्या मागची वायर हलवून बघत होता. काव्या चौकटीवर वाकली होती, पण दर थोड्या वेळानं तिची नजर टीव्हीकडं जायची. खाली ईरप्पा खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांना खोकल्याची उबळ आली. पेपर गळून पडला. हात गळ्याकडं गेला, आणि नेमका त्याच क्षणी टीव्ही काळा झाला.

“येईल, येईल. थांबा,” मल्लेश म्हणाला. हे आपण कुणाला म्हणतोय हे त्याच्या ध्यानात यायच्या आत काव्या सुई टाकून उठली होती. तिच्या धक्क्यानं रिळांची रांग आडवी झाली. जिन्यावर तिच्या पायांचा आवाज खाली खाली गेला.

मल्लेश काळ्या टीव्हीसमोर उभा राहिला. खाली जावं की इथंच थांबावं, त्याला कळेना. तीन सेकंद म्हणजे किती असतात हे त्याला त्या दिवशी कळलं. या खेपेला तर चित्र अर्ध्या मिनिटानं परत आलं, तेव्हा काव्या बापापुढं गुडघ्यावर बसली होती. तिनं नळीच्या आतली नळी काढली होती, कफ पुसत होती. ईरप्पांचा चेहरा जांभळा पडला होता आणि खाटेजवळचं बटण त्यांच्या हातापासून चांगलं चार हात लांब होतं. मग त्यांची छाती वर-खाली झाली. ठिपके आले, चित्र पुन्हा गेलं.

तो खाली आला तेव्हा ईरप्पा डोळे मिटून पडले होते. श्वास सुरळीत झाला होता. मल्लेश दाराशीच उभा राहिला. “अप्पा, बरं हाय न्हवं?” त्यानं विचारलं. ईरप्पांनी डोळे न उघडता हात किंचित वर केला.

काव्या त्याच्याकडं बघत नव्हती. ओरडली असती, भांडली असती, तर त्याला सोपं गेलं असतं. ती बराच वेळ बापाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग उठली, वर गेली, आणि डब्यांचं खोकं घेऊन गच्चीच्या उन्हात बसली.

मल्लेश मागोमाग गेला. तिनं त्यातल्या दोन डब्या शेजारीशेजारी मांडल्या, खोक्यातून आलेली हातभर लांबीची वायर त्यांना जोडली आणि खोलीत नेऊन एकीला कॅमेरा, दुसरीला टीव्ही लावून बघितला. चित्र लागलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ठिपका नाही, थरथर नाही. तिनं डब्यांकडं बोट दाखवलं आणि अंगठा वर केला. डब्या ठीक आहेत.

“हातभर वायरीत कायबी चालतंय,” मल्लेश पुटपुटला.

काव्यानं ती छोटी वायर काढली आणि तिचा प्लग उन्हात धरला. कारखान्यात भरलेला, काचेसारखा आरपार दिसणारा. मग मल्लेशनं कापून टाकलेलं एक टोक तिनं कोपऱ्यातून उचललं आणि दोन्ही शेजारी धरले. दिवसभर रंगाशी खेळणारे डोळे ते. चिंचोक्याएवढ्या जागेतल्या आठ तारा तिनं एका नजरेत वाचल्या. वहीत लिहिलं :

‘यांची चौथी निळी आहे. तुमची चौथी हिरवी. यांची हिरवी सहावी आहे. का?’

“रंग कुठलाबी लावा, चालतंय,” मल्लेश म्हणाला आणि तिला कळावं म्हणून वहीतही तेच लिहिलं. ‘दोन्ही टोकांना सारखा असला की झालं.’

तिनं मान हलवली. उरलेल्या वायरीचा एक तुकडा घेतला, कात्रीनं वरचं आवरण सोललं. आतून चार जोड्या बाहेर पडल्या, प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पीळ घातलेली. हिरवी आणि पांढरी-हिरवी गच्च पिळलेल्या, निळी आणि पांढरी-निळी जरा कमी. प्रत्येकीचा पीळ वेगळा. काव्यानं बोटांच्या चिमटीत पीळ उलगडून दाखवला आणि लिहिलं : ‘दोऱ्याला पीळ उगीच कुणी देत नाही. हा कशासाठी आहे?’

एवढी वर्षं मल्लेश तो पीळ उलगडून सरळ करत आला होता. कशासाठी आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं वही हातात घेतली, पेन उघडलं आणि लिहिलं : ‘मला माहीत नाही.’

काव्यानं ते वाचलं. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैलावला. तिनं खाली लिहिलं : ‘कुणाला माहीत असेल?’

सोलापुरात ते माहीत असणारा एक माणूस मल्लेशला माहीत होता, आणि त्याच्याकडं जाण्यापेक्षा दुसरं काहीही त्याला चाललं असतं. सात रस्त्याजवळ गुरूचं वायर-कॅमेऱ्यांचं दुकान होतं. दोघं एकाच केबलवाल्याकडं कामाला लागलेले, एका डब्यात जेवलेले. दोन वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयात मल्लेशनं बसवलेले कॅमेरे सारखे अडकू लागले, तेव्हा मल्लेशनं चार गिऱ्हाइकांदेखत गुरूला सुनावलं होतं, तुझी वायर नकली हाय म्हणून. त्या दिवसापासून त्या दुकानाची पायरी त्यानं चढली नव्हती.

दुपारी तो दोन्ही टोकं खिशात घालून गेला. गुरू काउंटरमागं कॅमेरा उघडून बसला होता. त्यानं वर बघितलं आणि कॅमेरा बाजूला सरकवला. मल्लेशनं दोन्ही टोकं काउंटरवर ठेवली आणि ईरप्पांच्या घरचं चित्र कसं जातं-येतं ते सांगितलं.

“ह्यातलं माझं कुठलं, वळकशील?”

गुरूनं चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही टोकं डोळ्यांजवळ नेली आणि लगेच एक बाजूला ठेवलं. “हे. तू सगळीकडं असंच भरतोस?”

“व्हय.”

“पहिल्यापासनं?”

“व्हय म्हनालो की.”

गुरूनं एक जुना कागद ओढला आणि त्यावर आठ रेघा मारल्या. “हे बघ. पहिली-दुसरी एक जोडी. सातवी-आठवी एक. मधल्या चारांत तू घोळ केलायस. चौथी-पाचवी जोडी हाय, आणि तिसरी-सहावी जोडी हाय. मशीन तशीच धरतंय त्यांना. तुझ्या तिसऱ्या जागेवर पांढरी-हिरवी, आणि सहाव्या जागेवर निळी. म्हंजे सिग्नल गेला एका पिळातनं, आला दुसऱ्याच पिळातनं. जोडी फुटली.”

“पण टेस्टरवर दिवे सगळे लागत्यात.”

“लागणारच. हितली तार तितं पोचली, एवढंच टेस्टर सांगतो. कुणाबरुबर पोचली ते त्याला कुटं कळतंय?” गुरूनं पिळाचा तुकडा बोटात फिरवला. “पीळ असला की दोन्ही तारा बाहेरचा खडखडाट सारखाच पितात. मग मशीन दोघींतला फरक तेवढा बघतं, खडखडाट आपोआप कटतो. दोघी दोन पिळांतल्या असल्या की कटत न्हाय. साधं नेट कसंतरी चालून जातं, दमानं. कॅमेरा कधी चालतो, कधी अडकतो. पण हे असलं चित्र, सेकंदाला एवढा माल वाहणारं... ते सोसत न्हाय.”

कॅमेरा कधी चालतो, कधी अडकतो. मल्लेश काउंटरच्या कडेला नख घासत राहिला.

“मग त्या कार्यालयातली तुझी वायर...”

“चांगली होती,” गुरू म्हणाला.

“तवाच का बोलला न्हाईस?”

“तू इचारलंस कुटं? तू सांगितलंस.” गुरूच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मल्लेशला जास्त लागलं. गुरूनं आठही रंगांचा क्रम कागदावर लिहून दिला. “पीळ प्लगच्या तोंडापर्यंत ठेव. अर्ध्या इंचाच्या वर उलगडू नको. आणि लाइटच्या वायरीपासनं लांब ने. चहा घेतोस?”

मल्लेशनं चहा घेतला. चुकलं हे तोंडानं म्हणायला त्याला तो सगळा कप लागला. गुरू नुसता “असू दे” म्हणाला आणि दुसरा कप मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लेशनं काव्याच्या घरातली चारही टोकं कापली. गुरूचा कागद जमिनीवर ठेवला आणि शाळेतल्या पोरासारखं एकेक तार बघून लावली. पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी घालताना त्याची बोटं नको म्हणत होती. शेजारी बसलेली काव्या प्रत्येक टोक प्रकाशाकडं धरून तपासायची आणि मान हलवायची. एक तिनं परत दिलं, पीळ जास्त उलगडला होता. मल्लेशनं ते मुकाट्यानं पुन्हा भरलं.

चित्र लागलं. त्यानं घड्याळ लावून बघितलं. अर्धा तास झाला, चित्र हललं नाही.

मल्लेश खाली ईरप्पांच्या खोलीत सामान आवरत होता. टीव्हीवर काव्या दिसत होती. ईरप्पांनी तिला हातानं काहीतरी विचारलं, अडखळत. एक खूण चुकली, ती त्यांनी पुसल्यासारखी करून परत केली. काव्यानं उत्तर दिलं. मग तिचे हात थांबलेच नाहीत. मल्लेशला त्यातलं काही कळत नव्हतं, पण भांडण चाललंय हे कळायला भाषा लागत नाही. तिच्या भुवया, तिचा झटक्यानं आपटणारा हात. ईरप्पा मध्येच हात वर करायचे, ती त्यांना थांबवायची. ते पुढं सरकले, खुर्चीच्या कडेवर आले. सौदा रंगला की यार्डात असेच पुढं सरकत असतील, असं मल्लेशला वाटलं. पंधरा-वीस मिनिटं हे चाललं. टीव्ही एकदाही काळा झाला नाही. शेवटी काव्यानं हात मांडीवर ठेवले आणि ती नुसती बापाकडं बघत राहिली. ईरप्पांनी खूप वेळ विचार करून एकच खूण केली. तिनं मान डोलावली आणि सुई उचलली.

मल्लेश निघाला तेव्हा ईरप्पांनी त्याला खुणेनं थांबवलं आणि पाटीवर सावकाश लिहिलं :

‘शरणबसवकडे पुण्याला राहायला जायचं मी ठरवलं होतं. घर बंद करून. तिला विचारलं नव्हतं. ती येणार नाही म्हणते. तिचं काम इथं आहे.’

“मग?” मल्लेशनं विचारलं.

ईरप्पांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं : ‘राहतो. तिनं कारणं सांगितली.’ आणि जरा थांबून खाली : ‘एवढं बोलते हे मला ठाऊक नव्हतं.’

त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. मल्लेशनं तिकडं न बघता पिशवीचा बंद आवळला आणि नमस्कार करून बाहेर पडला.

त्या आठवड्यात त्यानं नवीन काम घेतलं नाही. कुठं कुठं टोकं भरलीत ते आठवून आठवून यादी केली, ती संपेना. मंगल कार्यालयात तो सगळ्यात आधी गेला. तिथून होटगी रोडला महिपती मानेंच्या घरी. नातेपुत्यात शेती आणि मुलांच्या शिक्षणापायी शहरात घर केलेला हा माणूस. त्यांच्या फाटकावरचा कॅमेरा दिवसातून चारदा अडकायचा, आणि कंपनीच तसली हाय, असं मल्लेशनं त्यांना ठासून सांगितलं होतं.

मानेंनी दार उघडलं. “आज कसं काय येणं केलंस? आमी तर बोलावलं न्हाय.”

“तुमचा कॅमेरा बघायला आलोय.”

“त्यो व्हय? आरं, आता त्याची सवय झालीया. तूच म्हनलावतास, मालच खराब हाय.”

“माल चांगला हाय,” मल्लेश म्हणाला. “टोकं मी चुकीची भरली होती.”

मानेंनी त्याच्याकडं नीट निरखून बघितलं, चेष्टा तर करत नाही ना म्हणून. मल्लेशनं चपला काढल्या होत्या आणि तो दारातच उभा होता.

“शिडी हाय का घरात?” त्यानं विचारलं.